दुसऱ्याच्या दावणीची तबकडी

नांदूरघाट,
१४ मे

मामा,

पाया पडते. पण लगेच कामाचं बोलणार हाय, म्हणून चष्मा घालूनच वाचा. फोन केला तर मी काय बी इचारू द्या, तुमी "हां हां, पाऊस न्हाई अजून" म्हणता अन् ठिवता. मोबाईलवरची अक्षरं तुमाला दिसत न्हाईत. मग पत्र लिहिण्यावाचून इलाज काय? पोस्टातले काका इचारायले, ताई, आजकाल कोण पत्र लिहितं? म्हणलं, जिचा मामा बहिरा हाय ती लिहिती.

गोष्ट अशी. शहादेवदादाची डीजेची गाडी तुमी बघितलीच हाय, टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर लावलेली. दोन वर्षांखाली ऐन हळदीत त्याचा वाजवणारा पोरगा पळून गेला अन् लॅपटॉपसमोर मी बसले. तवापासून बायकांची हळद असली, डोहाळजेवण असलं की लोक मलाच बोलवायलेत. पोरगी वाजवती म्हणून आधी बघायला येतात, मग नाचायलाच लागतात.

आता मला टर्नटेबल घ्यायचंय. म्हणजे फिरती तबकडी. गाणं लॅपटॉपातलंच, पण हात तबकडीवर. बोटानं धरली की गाणं थांबतं, मागं ओढली की मागं येतं, सोडली की पळतं. बटनं दाबून वाजवायचा मला लई कंटाळा आलाय. गाणं आपल्या हातात हाय असं वाटतच न्हाई.

घ्यायची दोन ठिकाणं हायेत. एक, नवं. दादा म्हणतो संभाजीनगरच्या दुकानातून हप्त्यावर आणू. अप्पा बी म्हणतात नवंच आणा. पण ते दादाच्या गाडीच्या नावावर येणार. मी सरळ इचारलं, माझं लग्न झाल्यावर? दादा म्हणला, "लग्न झाल्यावर तू कशाला वाजवशील? गाडीवर ऱ्हाईल ते." वाईट मनानं न्हाई म्हणला मामा. भाकरीवर चटणी घेत म्हणला. म्हणूनच मला जास्त लागलं.

दुसरं, जुनं. मांजरसुंब्याला भामाबाई म्हणून हायेत, त्यांच्या अंजूचं. अंजूचं लग्न झालं तवापासून मशीन माहेरीच पडून हाय, म्हणून इकायलेत. ते मी माझ्या पैशानं घेऊ शकते. तुमी मला दिलेल्या शेळीचे दोन बोकड ईदच्या बाजारात गेले की झालं. मग ते माझं. माझ्यासंग कुठंबी येईल.

अप्पा म्हणतात, "दुसऱ्याच्या दावणीचं घरात आणू नको. लोक हसतील." नवं घेतलं तर चकाचक, पण दादाचं. जुनं घेतलं तर माझं, पण जुनं. नवरात्रात केजच्या बायकांच्या दांडियाला मला बोलावलंय, त्याच्या आत हात बसायला पायजे. तुमी आयुष्यभर जनावरं घेतली अन् इकली. सांगा काय करू.

तुमची मोहिनी


तलवाडा,
२३ मे

मोहिने,

तुला अन् तुझ्या आईला आशीर्वाद, बंकटदाजीला रामराम, अन् शहादेवला इचार, मामा जिता हाय का मेला एवढं तरी माहीत हाय का रे तुला?

पत्रात टर्नटेबल वाचलं अन् मला वाटलं पोरीला टेबल घ्यायचंय. मनात म्हणलं, एका टेबलापायी दोन बोकड इकणारी ही कोण येडी? सागवानी असलं तरी एका बोकडात भागायला पायजे. खाली वाचलं तवा उलगडा झाला. पण तोवर मी तुझ्या मामीला सांगून बसलतो. आता ती आळीभर सांगायलीय, मोहिनी टेबल घ्यायलीय म्हणून.

पोस्टात मला बहिरा म्हणून सांगतीस व्हय गं? सांग. खरंच हाय ते.

तबकडीतलं मला काय बी कळत न्हाई. जनावरातलं कळतं, तेवढंच सांगतो. कोवळा गोऱ्हा घ्यावा का दात जुळलेला बैल, असा सवाल आला की लोक दात बघतात. मी आधी गोठा बघायचो. शेण काढलेलं हाय का, जवळ गेल्यावर जनावर अंग चोरतं का. मारकुट्या मालकाचं जनावर अंग चोरतं. तर तू त्या बाईच्या घरी जा. मशीन कुठं ठिवलंय, कशात झाकलंय बघ. मग चालवून बघ, अन् जरा दमवून बघ. चहा सौदा झाल्यावर पी. आधी पिलीस की भाव पाडाया तोंड व्हत न्हाई, मी लई येळा फसलोय.

नवं वाईट न्हाई. दाजी काय तुझा दुश्मन न्हाई. पण तू एवढं मोठं पत्र लिवलंस अन् खरी गोष्ट एका ओळीत लिवलीस, "माझ्यासंग कुठंबी येईल." ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पोरी, ती शेळी मी तुला दिलती, तुझ्या बापाला न्हाई. तिचं करडू तुझं, करडाचा पैसा तुझा, त्या पैशाचं जे येईल ते बी तुझं. आपल्यात पोरीच्या शेळीला बाप हात लावत न्हाई, भावाचा तर सवालच न्हाई. हे शहादेवला वाचून दाखव. त्याची चटणी खाऊन झाली असेल तर.

जुनं घे. बघून घे. फसलीस तर मला शिव्या दे, मला कुठं ऐकू येणार हायेत.

गहिनीनाथ


नांदूरघाट,
१२ जून

मामा,

घेतलं. अन् फसले बी. दोन्ही एकाच पत्रात सांगायची पाळी आली.

आधी दादासंग जाऊन नवं बघून आले, उगं कुणी म्हणू नये की पोरगी हट्टी हाय. दिसायला लई नटवं. पण अंगानं हलकं, अन् तबकडी आतल्या रबरी पट्ट्यावर फिरती. बोटानं धरली की पट्टा घसरतो, सोडली की वेग घ्यायला येळ लावती. दुकानदार म्हणला, सुरुवातीला सगळे हेच घेतात. दादाला पसंत पडलं. मी म्हणलं, आधी मांजरसुंब्याचं बघू.

तुमी सांगितल्याप्रमाणं आधी घर बघितलं. मशीन आतल्या खोलीत, पलंगावर. खाली न्हाई, पलंगावर! जुनं मऊ लुगडं पांघरलेलं. भामाबाईंनी लुगडं काढलं तर तबकडीवर धुळीचा कण न्हाई. जड हाय, उचलताना दम लागतो. मोटर तबकडीच्या बरोबर खाली बसवलेली, त्यामुळं बोट सोडलं की लगेच पळती. मी दमवलं, लई दमवलं. मागं-पुढं, मागं-पुढं. आवाज कसा, स्वच्छ! भामाबाई दारात उभ्या राहून माझ्या हाताकडं बघत व्हत्या. मी म्हणलं, मावशी, घेतलं. चहा त्याच्यानंतर पिले. मी चहा पिईपर्यंत त्यांनी सगळं पेटीत भरलं, हळदीकुंकू लावलं, माझी ओटी भरली. निघताना पेटीवरनं हात फिरवला. मला वाटलं, किती चांगली माणसं.

घरी येऊन पेटी उघडली तर करंटची वायर मशीनलाच जोडलेली हाय, ती हाय. पण मशीनमधून स्पीकरकडं आवाज नेणारी वायर गायब! तिथं वाजवलं तवा माझ्या डोळ्यांसमोर लावलेली व्हती. दादाच्या डब्यातली दुसरी वायर लावली तर गाण्याच्या मागं घूंऽऽऽ असा आवाज. गाणं बंद केलं तरी घूंऽऽऽ चालूच. दादा हसला. अप्पा हसले न्हाईत, नुसतं म्हणले, "म्हणलं नव्हतं?"

म्हणजे मशीन आतून बिघडलेलंच असणार, अन् त्यांच्या वायरीत काहीतरी करामत असणार, ती त्यांनी काढून घेतली. दुसरं काय समजू? फोन लावला तर भामाबाई म्हणल्या, "वायर तर आमीच ठिवून घेतली ना माय," असं, जणू मीच काहीतरी येड्यासारखं इचारायलेय. मी रागानं फोन ठिवला.

बोकड गेले, मशीन बी गेल्यात जमा. मामा, तुमाला शिव्या द्यायच्या व्हत्या, पण रडूच यायलंय.

मोहिनी


नांदूरघाट,
१४ जून

गहिनीनाथराव,

रामराम. पत्र लिहिणं आपल्याला जमत न्हाई, पण तुमच्यासंग फोनवर बोलणं म्हणजे भिताडाला सांगणं.

तुमी पोरीला भरवलं. जुनं घे म्हणलात. घेतलं तिनं. आता ते मशीन घूं करतंय अन् पोरगी जेवत न्हाई. शहादेव हसला तर त्याच्या अंगावर धावून गेली. मी त्याला आत घेऊन दम दिला, ते तिला माहीत न्हाई.

मी नवं घेऊन देत व्हतो. तिला वाटतं बाप आडवा यायलाय. दावणीचं म्हणलं ते बोलायला म्हणलं हो. बाईमाणसानं गाडीवर बसून वाजवायचं, त्यात मशीन बी कुणाचं तरी उतरलेलं, म्हणजे लोकाला दोन्हीकडून हसायला मोकळीक. माझ्या पोरीला कुणी हसलेलं मला सोसत न्हाई. बास, एवढंच व्हतं.

तुमी सल्ला दिला, आता निस्तरा तुमीच. त्या बाईला जाऊन इचारा, लेकराला कावून फसवलं म्हणून. मी गेलो तर भांडण व्हईल.

बंकट


तलवाडा,
२६ जून

मोहिने,

दाजीचं पत्र आलं अन् दुसऱ्या दिवशी मी एस्टीत बसलो. तुला आधी कळवलं न्हाई. तू "नका जाऊ" लिवलं असतंस, अन् ते यायची वाट कोण बघत बसतंय?

मांजरसुंब्याला उतरून, धाब्यांच्या मागं इचारत इचारत घर गाठलं. डोक्यात राख घालूनच गेलतो. भामाबाई ओट्यावर तूर निवडायलत्या. मी सुरूच केलं, "बाई, पोरीला फसवलंत, शोभतं का तुमाला?" ती काहीतरी बोलायली. मला काय ऐकू येतंय? तिचे ओठ हलायले अन् मी आपला वरडायलो. वाटलं भांडायलीय. नंतर कळलं, ती बिचारी "आधी पाणी घ्या, उन्हातून आलात" म्हणत व्हती.

शेवटी ती उठली अन् हातानं खुणावत मला गोठ्यात घेऊन गेली. तिथं भिताडात खुंटी, अन् खुंटीला इकलेल्या जनावरांची दावी टांगलेली. सुती दोरीचं एक, गोंड्याचं एक, घासून काळं पडलेलं एक. अन् त्याच्यातच नीट गुंडाळी करून, हळदकुंकू लावून, तुझी वायर! दोन जाड, अन् संग एक बारीक हिरवी तार.

मी डोक्यावरची टोपी काढली.

तुला कळलं का माय? तू बाजारात कधी उभी ऱ्हायली न्हाईस, तुला कसं कळणार. जनावर इकताना आपण दावं देत न्हाई. जनावर जातं, दावं घरातच ऱ्हातं. दावं दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्यासंग जाती. घेणारा येतानाच आपलं दावं घेऊन येतो. त्या बाईनं घरातलं लाडकं जनावर इकावं तसं मशीन इकलं, अन् रीतीनं दावं ठिवून घेतलं. तिला वाटलं, तू तुझं घेऊन आली असशील. तुझ्या बोकडांची दावी तुझ्या आईनं काय केली, इचार तिला.

फसवलं न्हाई तिनं तुला. आपणच तिला वाईट ठरवलं, अन् मी तर तिच्या ओट्यावर उभा ऱ्हाऊन ठरवलं. मला लई लाज वाटली.

माझ्या डाव्या कानाला तोंड लावून वरडलं तर थोडं येतं. तसं सांगितल्यावर ती वरडायली. त्यामुळं अंजूची हकीकत आधी आळीला कळली, मग मला. अंजूच्या बापाचा मंडपाचा धंदा व्हता. पुण्यात कुठलं तरी हॉटेल मोडलं, तिथून त्यानं हे मशीन आणलं. पोरगी आपलं आपण शिकली. आजूबाजूच्या गावातून लोक ऐकायला यायचे म्हणे. मग सोयरे आले. म्हणले, पोरगी पसंत हाय, पण मशीन नको. "आमी बरं म्हणलं," ती मला कानात वरडून सांगायली, "दादा, दुसरं काय म्हणावं ते सुचलंच न्हाई. पोरीला इचारलं बी न्हाई. बरं म्हणून मोकळे झालो." दर पंचमीला अंजू माहेरी येती, मशीन पुसती, अन् लुगडं घालून जाती. वाजवत न्हाई. यंदा तीच म्हणली, इका, कुणीतरी वाजवू द्या.

बोलता बोलता बाई रडायली. बाहेर लोक जमलेले, त्यांना वाटलं मीच रडवली. मला काय करावं कळंना. म्हणलं, "ताई, वायर राहू द्या खुंटीला. पोरगी तिची घेईल." मग पाणी बी पिलो अन् जेवून बी आलो.

तर तू दुसरी वायर घे, तसलीच, बारीक तार असलेली. अन् भामाबाईचा निरोप हाय, अंजू पंचमीला येती, मशीनचं काय इचारायचं असेल तर तिला इचार. दाजीला हे पत्र वाचून दाखव.

गहिनीनाथ


नांदूरघाट,
३ ऑगस्ट

मामा,

आधी भामाबाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणल्या, "कशाची गं?" त्यांना मी रागावलेलं कळलंच नव्हतं. लाइन तुटली असं वाटलं व्हतं त्यांना!

केजच्या इलेक्ट्रिकवाल्याला बारीक तारेचं सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. ती अर्थिंगची तार. मशीनच्या मागं स्क्रू हाय, त्याला ती जोडली न्हाई की घूं करणारच. त्यानं तशी वायर करून दिली. लावली, अन् घूं गायब. दादानं स्पीकरला कान लावून बघितलं, मग म्हणला, "भारी हाय बे!" मी म्हणलं, बे कुणाला म्हणतोस? तवापासून रोज शिकवणी घ्यायलाय माझ्याकडं, फुकटात.

अन् आईला दाव्याचं इचारलं. माझ्या बोकडांची दोन्ही दावी तिच्याकडंच हायेत. मला म्हणती, "एवढी शिकलीस अन् हे माहीत न्हाई?" 

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी अंजूताई आल्या, भामाबाईंसंग. मी म्हणलं, वाजवा. त्या म्हणल्या, "तू वाजव, मी बघते." मी वाजवलं. त्यांनी एकदा माझं मनगट धरून थोडं सैल केलं, एवढंच. मग मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले अन् मुद्दाम उशीर लावला. बाहेर चुलीपाशी मी अन् आई उभ्या, अन् आतून आवाज यायला लागला. मामा, तुमाला कसं सांगू? मी एवढे दिवस वाजवत व्हते ते मशीन हेच का, असं वाटलं. आई हातातलं पीठ तसंच धरून उभी ऱ्हायली. मी आत गेले न्हाई. थांबल्या तवाच गेले. अंजूताईंचं तोंड लाल झालतं, डोळ्यात पाणी, अन् हसायल्या. म्हणल्या, "हात इसरले न्हाईत गं." मला जवळ घेतलं. मग लगेच घड्याळ बघितलं, सासरहून न्यायला येणार व्हते.

अप्पा सगळा येळ ओट्यावर बसून व्हते, पाठ करून. त्या गेल्यावर मला इचारलं, "ती सासरी वाजवत न्हाई?"

"न्हाई."

"कावून?"

"सोयरे नको म्हणले."

"मग तिचा बाप काय म्हणला?"

"बरं म्हणला."

अप्पा उठले अन् शेळ्यांना पाला टाकायला गेले. सकाळीच टाकलेला व्हता.

नवरात्राला तुमी या. ऐकू येऊ द्या न्हाईतर नका येऊ द्या, या.

मोहिनी


तलवाडा,
१५ ऑक्टोबर

मोहिने,

केजहून आल्यापासून गुडघा धरलाय, म्हणून पत्राला उशीर. तुझ्या दांडियात मी कडेला खुर्ची टाकून बसलतो. आवाजाचा पत्ता न्हाई, पण बायकांचे पाय एकदम उचलायले अन् एकदम खाली यायले, ते दिसत व्हतं. तुझ्याकडं बघितलं तर मान खाली, हात तबकडीवर. शेजारचा माणूस मला कायतरी म्हणला. मी म्हणलं, "माझी भाची हाय." त्यानं काय इचारलं व्हतं देव जाणे.

आता दुसरं. तुझ्या आईच्या कानावर घातलंय, तुला बी सांगतो. गेवराईकडचं एक स्थळ हाय. विठ्ठलराव म्हणून, घर चांगलं, पोरगा शिकलेला, निर्व्यसनी, शेती पाण्याखालची. दिवाळीनंतर बघायला येतील. गुडघ्यामुळं मला यायला व्हणार न्हाई.

मशीनचं मी बोलण्यात काढलं न्हाई. खरं सांगतो, काढायची हिंमत झाली न्हाई. वाटलं, आधी पोरगी बघू द्या, तुला बघितल्यावर कोण कशाला नको म्हणतंय. माणसं चांगली हायेत, समजून घेतील. तू बी जरा गोडीनं बोल.

गहिनीनाथ


नांदूरघाट,
१९ नोव्हेंबर

मामा,

पाया पडते. रागावू नका, अन् आई काय कळवायलीय त्याच्यावर जाऊ नका, खरं मी सांगते.

विठ्ठलराव, त्यांची बायको, पोरगा अन् दोन पावणे परवा आले. तुमी म्हणलात तशी माणसं चांगलीच हायेत. खोटं कशाला बोलू. पोहे आवडले म्हणले, माझ्या शिक्षणाचं इचारलं, पोरगा बी सरळ वाटला. मला आत जायला सांगितलं. मी दाराआड उभी, आई चहा गाळायली, दादा पावण्यांत बसलेला.

विठ्ठलराव म्हणले, "पोरगी पसंत हाय आमाला." आईनं देवाला हात जोडले. मला वाटलं बाहेर जाऊन आपणच बोलावं, तेवढ्यात दादा बोलला, बरं का मामा! दादाच म्हणला, "तिचं मशीन हाय एक. ते तिच्यासंग येईल." मी दादाला आतापर्यंत जे जे बोलले ते सगळं मनातल्या मनात माघारी घेतलं.

विठ्ठलराव हसले. चांगल्या मनानंच म्हणले, "कळलंय आमाला, केजला वाजवलं म्हणून. हौस असती पोरींना. पण आमच्यात ते चालत न्हाई. मशीन इथंच राहू द्या."

सगळे अप्पाकडं बघायले. आईच्या हातातली गाळणी तशीच. मामा, मला अप्पाचं काय बी सांगता येत नव्हतं. ज्या माणसाला लोक हसतील याचं एवढं भ्याव, त्याच्यासमोर पाच पावणे बसलेले, पोरगी पसंत झालेली, अन् फकस्त एक शब्द म्हणायचा उरलेला.

अप्पांनी बशी खाली ठिवली. म्हणले, "मग पोरगी बी इथंच राहू द्या."

विठ्ठलरावांना वाटलं चेष्टा हाय. ते हसले, पावणे हसले. अप्पा हसले न्हाईत.

भांडण झालं न्हाई. अप्पांनी त्यांना चहा घेऊ दिला, टोप्या-उपरणं दिलं, गाडीपर्यंत सोडायला गेले, हात जोडले. माघारी आले तर आईनं तोंड सोडलं, "एवढं चांगलं स्थळ, एका मशीनपायी! आता लोक काय म्हणतील?" अप्पांनी हातपाय धुतले, अन् आतल्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसले. मी मशीनवरची ओढणी उगंच सारखी करायलते.

मग माझ्याकडं न बघताच म्हणले, "बरं म्हणणारच व्हतो गं मी. तोंडापर्यंत आलतं. पण निघालंच न्हाई."

मामा, मी त्यांच्या मांडीवर डोकं ठिवून लई रडले. लहानपणी रडायचे तशी. ते डोक्यावर हात फिरवत ऱ्हायले अन् म्हणायले, गप, आता गप, पावणे अजून वेशीपाशीच असतील, ऐकू जाईल.

आई तुमच्यावर बी रागावलीय, स्थळ तुमी आणलं म्हणून. गुडघा बरा झाला की या अन् तिची समजूत काढा. तुमीच काढू शकता. ती बोलायला लागली की आमाला ऐकावं लागतं.

तुमची मोहिनी